दाराआडची चाल

पाय चढवून झाले तरी हर्षदा पलंगाच्या कडेवरच बसून होती. कमरेच्या पट्ट्यावरचा दिवा पिवळाच होता. तो हिरवा झाल्याशिवाय उठायचं नाही असा कंपनीचा नियम होता, आणि उठायचं म्हटलं असतं तरी उठता आलं नसतं. विश्वजित चहाचा कप घेऊन दारात उभा होता. दोघांनाही ही सकाळ तोंडपाठ झाली होती.

“शोधतंय अजून,” ती म्हणाली.

“बंद करून परत चालू कर. तोवर घरातलं नेटवर्क जागं होईल.”

तिने तसं केलं. दुसऱ्या खेपेला दिवा पटकन हिरवा झाला, गुडघ्यांतल्या मोटारी हलक्याशा घुमल्या आणि तालुक्याच्या पशुवैद्यक डॉ. हर्षदा सरनोबत कामावर जायला उभ्या राहिल्या.

विश्वजितला या पिवळ्या दिव्याचं नवल नव्हतं. तालुका दूध संघाचे सगळे संगणक त्याच्या हाताखाली होते. गावोगावच्या संकलन केंद्रांतली यंत्रं वीज गेली की बंद पडायची आणि वीज आली की सगळी एकदम उठायची. उठल्या उठल्या पहिली मागणी काय, तर मुख्य कचेरीतल्या दरांच्या फाइली. अजून नेटवर्कचा पत्ता नाही, तार जिवंत झालेली नाही, आणि यांची मागणी सुरू. काही यंत्रं हटून बसायची, काही एकदा विचारून गप्प व्हायची ती दिवसभर पुन्हा विचारायचीच नाहीत. बायकोच्या पायांचं दुखणं हेच आहे हे त्याने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं आणि कंपनीला तसं कळवलंही होतं, की आधी नेटवर्क येऊ द्या, मग पुण्यातलं चालीच्या नोंदींचं भांडार शोधा, आणि नाहीच सापडलं तर अडून बसू नका. सूचनेचा विचार केला जाईल, असं सभ्य उत्तर आलं होतं.

पाय म्हणजे खरे पाय नव्हेत. भुदरगडच्या घाटात जीप उलटली तेव्हा हर्षदाच्या कमरेखालचा मज्जातंतूंचा संबंध तुटला. त्यानंतर दीड वर्षाने तिला ‘सुगती’ मिळाली. तिच्या स्वतःच्या पायांना बाहेरून बांधायची एक हलकी, काळी चौकट, घोट्यात, गुडघ्यात आणि खुब्यात मोटारी, कमरेला संगणक. दुखापतीच्या वरच्या बाजूला पाठीच्या कण्यावर शल्यचिकित्सकांनी एक पातळ पट्टी बसवली होती. पुढे जायचं आहे, वळायचं आहे, थांबायचं आहे, एवढं त्या पट्टीला कळायचं. जमीन कशी आहे हे उलट बरगड्यांवरच्या थरथरीतून हर्षदाला कळायचं.

पण पुढे जायचं आहे एवढ्याने पाऊल पडत नाही. गुडघा किती वाकवायचा, भार कधी टाकायचा, टाच आधी की चवडा आधी, असे शेकडो बारीक निर्णय एका पावलात असतात. धडधाकट माणसाचं शरीर ते परस्पर घेतं, मालकाला विचारत नाही. ‘सुगती’त ते निर्णय संगणक घ्यायचा, आणि कशाच्या बळावर घ्यायचा, तर चालभांडाराच्या. देशभर हे पाय वापरणाऱ्या हजारो माणसांचं चालणं पुण्याच्या मोठ्या यंत्रांवर साठत होतं आणि रोज सुधारत होतं. नागपुरात कुणी ओल्या फरशीवर घसरलं, की दुसऱ्या दिवशी देशातल्या सगळ्या पायांना ओली फरशी कळायची. या शोधाचं मोठेपण त्यात होतं.

कमरेवरच्या छोट्या संगणकात एवढं भांडार मावणार नव्हतं. म्हणून ते रोज सकाळी सुरुवातीला जोडलं जायचं. संगणकवाले त्याला माउंट करणं म्हणतात. समजा, घरात एक खोली रिकामी ठेवली आणि तिच्या चौकटीत दूरच्या गोदामाचं दार आणून बसवलं. आता त्या दारातून आत जाणारा थेट गोदामात पोचतो. चालण्याच्या प्रोग्रॅमला वाटतं आपण आपल्याच खोलीतून वस्तू काढतोय. आपण पुण्याला जाऊन आलो हे त्याच्या गावीही नसतं.

या मोठेपणाची दुसरी बाजू विश्वजितला पुण्याच्या शिबिरात कळली होती. एका सभागृहात पंचवीस-तीस जण पाय लावून फिरत होते. तो मोबाइलमध्ये मान खाली घालून बसला होता आणि हर्षदा जवळ आली की कळेल अशा समजुतीत होता. ती येऊन शेजारी उभी राहिली तरी त्याला कळलं नाही. सगळ्यांच्या पावलांचा आवाज एकच होता. त्याने ते तिला सांगितलं नव्हतं.

तिची तक्रार वेगळी होती. फरशीवर हे पाय सुरेख चालत. चढावर मात्र त्यांना काही सुचत नसे, कारण ते वापरणारे बहुतेक शहरातले होते आणि भांडाराला लिफ्ट, मॉल आणि दवाखान्यांचे बोळ माहीत होते. डोंगरवाटेवर ती दहा पावलांत थांबायची. त्यामुळे खात्याने तिला तालुक्याच्या दवाखान्यातच ठेवलं होतं. फिरतीवर जायचं तर वैद्यकीय मंडळासमोर चढावर चालून दाखवावं लागणार होतं. वर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, धनगरवाड्यांवर, जिथे रस्ता जात नाही, तिथे शेजारच्या तालुक्यातला डॉक्टर जमेल तेव्हा जायचा. त्याला ते फारसं जमत नव्हतं.

पौषात घाटातल्या रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने तार तोडली. घरातलं इंटरनेट गेलं. मोबाइलचे मनोरेही त्याच तारेवर होते, तेही गेले. तार नुसती तुटली नव्हती, खोदलेल्या दरडीखाली बरीच लांबवर गाडली गेली होती. काम कधी पुरं होईल ते कुणी सांगेना.

पहिल्या सकाळी दिवा लगेच हिरवा झाला. दोघंही खूश झाले. नव्या अपडेटमध्ये कंपनीने विश्वजितचं ऐकलं होतं. भांडार सापडलं नाही तर अडून बसायचं नाही, एक नोंद करायची आणि पुढे जायचं. हर्षदा उभी राहिली, एक पाऊल टाकलं आणि कपाटावर जाऊन आदळली.

पाय सुरू झाले होते, पण खोली रिकामी होती. त्यांच्याजवळ आता कारखान्यातून भरून दिलेली बाळचाल तेवढी उरली होती. एक पाय पुढे, मग दुसरा, तेही भिंतीला धरून.

विश्वजितने तिला कोल्हापूरला तिच्या भावाकडे नेऊन ठेवायचं ठरवलं. तिथे नेटवर्क होतं. बॅग भरून झाली आणि तेवढ्यात सगुणाबाई झोरे दवाखान्यात आल्याचा निरोप आला. वाघधोंडच्या वाड्यावर तिच्या म्हशी होत्या. पन्नाशी उलटलेली ही बाई भल्या पहाटे सड्यावरून उतरून चालत आली होती. म्हशींच्या तोंडातून लाळ गळत होती, खुरांत जखमा झाल्या होत्या, दोन रेडकं दगावली होती. लाळ-खुरकत. शेजारच्या डॉक्टरांना फोन लागत नव्हता, कुणालाच लागत नव्हता.

“बॅग खाली ठेव,” हर्षदा म्हणाली.

ओढ्यापर्यंत ट्रॅक्टर गेला. तिथून पुढे ती काठी घेऊन आणि विश्वजित तिच्या मागे, दोन्ही हात पुढे धरून. ती पडली, उठली, पुन्हा पडली. गुडघ्याच्या चौकटीचा रंग खरवडून निघाला. सगुणाबाई पुढे होती. तिने एकदाही मागे वळून कीव केली नाही, फक्त जिथे दगड सुटा होता तिथे काठीने ठोकून दाखवलं. दुपारी तिघं वाड्यावर पोचली. हर्षदाने जनावरं तपासली, औषधं दिली, निरोगी जनावरं वेगळी बांधायला लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं ठरवलं.

ती रोज जाऊ लागली. पाय शिकत होते. भांडार नसताना त्यांना शिकण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे हर्षदा. तिचं वरचं शरीर कसं झुकतं, खांदे कसे फिरतात, उतारावर ती पोट कसं आवळते. या सवयी तिच्या अंगात लहानपणापासून होत्या. एरवी भांडार त्यांना गप्प बसवायचं. आता पायांना तिचंच ऐकावं लागत होतं. पहिला आठवडा वाईट गेला. दुसऱ्यात तिने काठी विश्वजितच्या हातात दिली. तिसऱ्यात ती त्याला ओढ्यापाशी थांबवून एकटी वर जाऊन आली.

त्याच दिवसांतल्या एका संध्याकाळी तो ओट्यापाशी कांदा चिरत होता. मागच्या पडवीतून पावलं आली. डावी टाच जरा जड, मग उजवा पाय हलका, किंचित घसटत. सुरीवरचा त्याचा हात थांबला. लग्नाआधी तिच्या वसतिगृहाच्या जिन्यावरून हीच पावलं उतरताना त्याने ऐकली होती. अपघातानंतर ती पुन्हा ऐकू येतील हा विचारच त्याने सोडून दिला होता.

त्याने तिला ते सांगितलं. तिला हसू आलं. “माझा डावा पाय पहिल्यापासून आळशीच,” ती म्हणाली. मग खुर्चीवर बसून ती बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिली.

वाड्यावरची साथ आटोक्यात आली. हर्षदाने फिरतीसाठी अर्ज केला आणि जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाने चाचणीची तारीख दिली. चाचणी वाघधोंडच्याच वाटेवर ठरली.

तारीख आठवड्यावर आली आणि तार जोडली गेली. गावात लोकांनी एकमेकांना फोन करून करून बॅटऱ्या संपवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षदाच्या पायांचा दिवा हिरवा झाला, ती उभी राहिली आणि स्वयंपाकघरापर्यंत एकसारखी, गुळगुळीत पावलं टाकत गेली. मागच्या दाराने ती परसातल्या चढावर गेली आणि तिसऱ्या पावलाला अडखळली. झाडाला धरून ती उभी राहिली.

“काय झालं?” विश्वजितने विचारलं.

“मी विसरलेले नाही, विश्वा,” ती म्हणाली. “पाय विसरलेत.”

त्याने तीनदा बंद-चालू करून पाहिलं. काही फरक पडला नाही. हर्षदा दवाखान्यात गेली. त्याने कंपनीला फोन लावला. फरहीन मुजावर नावाची इंजिनिअर फोनवर आली. ती मूळची गडहिंग्लजची निघाली, त्यामुळे चढ म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने भांडार तपासलं. त्या आठवड्यांची एकही नोंद तिथे नव्हती. तार तुटलेली असताना ती येणार तरी कशी, असं तीच म्हणाली. तिला वाटत होतं की इतके दिवस भांडाराशिवाय चालल्याने पायांची मांडणी बिघडली असावी. संगणक पुसून सगळं नव्याने भरायचा आदेश ती पाठवून देणार होती. पुढच्या वेळी पाय सुरू झाले की तो आपोआप लागू होईल, आणि निदान पहिल्यासारखं चालता येईल. विश्वजितने होकार दिला. त्याच्याजवळ दुसरा उपाय नव्हता.

दुपारी संघाच्या कचेरीत एका संकलन केंद्राची तक्रार आली. यंत्राची डिस्क भरली म्हणतंय, पण आत बघावं तर काहीच दिसत नाही. विश्वजितने इथूनच त्या यंत्रात डोकावलं. खरंच, फाइलींची बेरीज थोडी होती आणि व्यापलेली जागा कितीतरी जास्त. हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. ते केंद्रही तारेविना होतं. त्या काळात मुख्य कचेरीचं दार बसलेलंच नव्हतं, म्हणून दुधाच्या नोंदी चौकटीच्या आतल्या रिकाम्या खोलीतच पडत गेल्या. तार जोडली, दार बसलं, आणि खोली दाराआड गेली. आतला माल जिथल्या तिथे होता. कुणाला दिसत नव्हता इतकंच.

त्याने कीबोर्ड बाजूला सारला. मग त्याने हर्षदाला फोन लावला.

ती एका गाईच्या जखमेला टाके घालत होती. फोन मदतनिसाने तिच्या कानाला लावला.

“पाय बंद केलेस का आज?” विश्वजितने विचारलं.

“नाही. आता बॅटरी बदलणार आहे. लाल दाखवतेय.”

“बदलू नकोस. बदललीस की पाय परत सुरू होतील आणि सगळं पुसलं जाईल. तुझी चाल गेलेली नाही, हर्षदा. ती तुझ्या कमरेलाच आहे.”

तिने हातातला टाका पुरा केला. मग ती म्हणाली, “बरं. मी बसून राहते. बसल्यावर कमी खातं.”

चार्जर घरी होता. पायांची एक बॅटरी काढून दुसरी लावायची म्हणजे संगणक बंद होणारच, पण चार्जर जोडला तर चालू राहणार होता. विश्वजित मोटारसायकलवरून आधी घरी गेला. मध्ये थांबून त्याने फरहीनला दोनदा फोन लावला. ती बैठकीत होती. त्याने निरोप ठेवला की पुसायचा आदेश मागे घ्या, त्या दिवसांची चाल जागेवरच आहे.

दवाखान्यात हर्षदा गाईशेजारी स्टुलावर बसली होती आणि उरलेले टाके मदतनिसाकडून घालून घेत होती. पट्ट्यावरचा दिवा लाल होऊन लुकलुकत होता. विश्वजितने गोठ्यातल्या बोर्डात चार्जर लावला, वायर तिच्या कमरेपर्यंत ओढली आणि दिवा लुकलुकायचा थांबला. तेव्हा कुठे त्याने हेल्मेट काढलं.

फरहीनचा फोन आला. त्याने तिला दूध केंद्राची गोष्ट सांगितली आणि एकच गोष्ट बघायला सांगितली, की या संगणकातली व्यापलेली जागा आणि दिसणाऱ्या फाइलींची बेरीज जुळते का. तिने पुण्यातून बघितलं.

“नाही जुळत, सर,” ती म्हणाली. “बरंच काहीतरी खाली आहे.”

तिने त्याला आत जायची परवानगी दिली. त्याने लॅपटॉप जोडला. सरळ मार्ग म्हणजे भांडाराचं दार काढायचं, पण चालण्याचा प्रोग्रॅम ते दार धरून बसला होता, सोडायला तयार नव्हता. प्रोग्रॅम थांबवून परत सुरू करायचा तर पुसायचा आदेश टपून बसला होता, आणि तो मागे घ्यायला फरहीनला वरच्यांची संमती हवी होती. ती मिळायला संध्याकाळ झाली असती.

“मागून जाऊ या,” विश्वजित म्हणाला.

युक्ती साधी होती. संगणकाची डिस्क त्याने आणखी एका जागी दुसऱ्यांदा जोडली, जशी एकाच घरात शिरायची दुसरी वाट काढावी तशी. या दुसऱ्या वाटेवर पुण्याचं दार बसवलेलं नव्हतं. खोली जशीच्या तशी दिसत होती. आणि ती रिकामी नव्हती. पौषातल्या पहिल्या पडण्यापासून कालच्या शेवटच्या उतारापर्यंत सगळ्या फाइली ओळीने होत्या. त्याने त्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, मग एका पेनड्राइव्हवर, मग दुसऱ्यावर. हर्षदाने हात धुतले आणि त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. तिला त्यातलं काही वाचता येण्यासारखं नव्हतं.

“हे सगळं माझं?”

“सगळं तुझं.”

संध्याकाळपर्यंत फरहीनने आदेश मागे घेतला होता. ती पुन्हा फोनवर आली तेव्हा तिने हर्षदाशी बोलायचं असल्याचं सांगितलं. मधल्या वेळात तिने विश्वजितने काढलेल्या दुसऱ्या वाटेने त्या फाइली पाहिल्या होत्या. सुट्या दगडावर, कातळावर, गवताळ उतारावर चालल्याची एवढी नोंद भांडारात कुठेच नव्हती. डोंगरात राहणारे पुष्कळ जण पाय असूनही घरात बसून होते. ही चाल भांडाराला मिळाली तर ते बाहेर पडतील, असं तिचं म्हणणं होतं. करारानुसार भांडारात साठलेलं सगळं कंपनीचं असतं. पण ही चाल भांडारात कधी गेलीच नव्हती, म्हणून ती विचारत होती, सांगत नव्हती. आणि दुसरी गोष्ट तिने मोकळेपणाने सांगितली.

“मॅडम, भांडारात हजारो लोकांचं पडणं आहे. तुमच्या चालीत फक्त तुमचं. तुम्ही तीच वापरलीत तर नव्या जागी पाय तुम्हाला सावध करणार नाहीत.”

हर्षदाने विचार करायला एक दिवस मागितला.

त्या दिवसात नवरा-बायकोचं चांगलंच वाजलं. विश्वजितला दोन्ही गोष्टी नको होत्या. चाल द्यायला नको होती आणि भांडार सोडायलाही नको होतं. चाचणीपुरती स्वतःची चाल वापर, एरवी भांडारावर चाल, असा त्याचा तोडगा होता. हर्षदाने तो ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. तिचं म्हणणं, चाचणी डोंगरावर जाण्यासाठी आहे, मग डोंगरावरच दुसऱ्याच्या पायांनी कशाला जायचं.

“पडलीस तर?” त्याने विचारलं.

“तर पडेन. या महिन्यात किती वेळा पडले ते तू मागून बघितलंयस.”

“मागे मी होतो म्हणून.”

“तिसऱ्या आठवड्यात नव्हतास.”

 मग तो खरं ते बोलला. उद्या कुणीतरी डेहराडूनला तिच्यासारखं चालेल, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. ती पावलं त्याला एकदा परत मिळाली होती आणि ती आता वाटून टाकायची नव्हती.

 हर्षदाने त्याचा हात हातात घेतला. मग म्हणाली, “चढ कसा चढायचा तेवढं त्यांना घेऊ दे. बाकीचं ज्याचं त्याला सापडेल. फक्त सापडल्यावर त्याच्यापुढे कुणी दार बसवता कामा नये.”

दुसऱ्या दिवशी तिने फरहीनला आपली अट सांगितली. चाल देईन. पण पाय सुरू झाले की आधी माणसाची स्वतःची चाल घ्यायची, जी त्याच्या कमरेलाच राहील. भांडार मागे उभं ठेवायचं. अडलं तरच त्याचं दार उघडायचं, अडलं नाही तर उघडायचंच नाही. विश्वजित शेजारी बसून ऐकत होता. हे ऐकताना त्याच्यातला संगणकवाला न राहवून मध्ये बोलला, की यात आणखी एक फायदा आहे. सुरुवातीला नेटवर्कची वाट बघायचं कारणच उरत नाही, पिवळा दिवा कायमचा जाईल. फरहीन हसली. तिने आश्वासन दिलं नाही, पण प्रस्ताव स्वतःच्या नावाने पुढे न्यायचं कबूल केलं. हर्षदाच्या पायांपुरता बदल तिने त्याच आठवड्यात करून दिला. त्यासाठी हर्षदाला जबाबदारी स्वतःवर घेऊन सही करावी लागली. कंपनीची हमी गेली.

चाचणीच्या दिवशी हर्षदाने विश्वजितला येऊ दिलं नाही. तो संघाच्या कचेरीत बसला आणि त्या दिवशी त्याने ज्या ज्या यंत्राला हात लावला ते ते आधीपेक्षा बिघडलं. संध्याकाळी ती घरी आली ती आधी जेवायला बसली. मग सावकाशीने सगळं सांगितलं. मंडळाचे डॉक्टर चांगले होते, वाटेत दोनदा दगडावर टेकले आणि तिलाही बसायचा आग्रह करत होते. सड्याच्या तोंडाशी एका जागी पायांनी भांडाराचं दार उघडून पाहिलं. बरगड्यांवर वेगळी थरथर झाली, तिने पाऊल मागे घेतलं आणि बाजूने गेली. तेवढं एकदाच. प्रमाणपत्र आठवड्याभरात येणार होतं.

प्रमाणपत्र आलं, फिरती सुरू झाली. घरातल्या सकाळी बदलल्या. ती उजाडता उजाडता निघू लागली आणि विश्वजितला कामावर जाण्याआधी दीड-दोन तास मोकळे मिळू लागले. सुरुवातीला त्या वेळाचं काय करायचं ते त्याला कळेना. पुण्याहून फरहीनचा निरोप आला, डोंगराळ जिल्ह्यांतल्या पायांना कंपनीने नवी पद्धत लागू केली होती. बाकीच्यांचं अजून ठरत नव्हतं. ती पाठपुरावा करत होती.

वैशाखात एका रविवारी हर्षदा वाघधोंडला गेली होती. सगुणाबाईची एक म्हैस अडली होती. दुपार झाली तरी ती परतली नाही, म्हणून विश्वजित जेवणाचा डबा घेऊन निघाला. ट्रॅक्टर शेतात गुंतला होता, ओढ्यापर्यंत तो चालत गेला आणि पुढचा सगळा चढ एकट्याने चढला. या वाटेवर तो नेहमी तिच्या पावलांकडे बघत आला होता. वाट कशी आहे हे त्याला आज पहिल्यांदा दिसत होतं. वर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता.

सगुणाबाईने त्याला सावलीत बसवलं, तांब्याभर ताक दिलं.

“डाक्टरीणबाई कवाच आल्या,” ती म्हणाली. “तुमी लई दमलायसा.”

गोठ्यात हर्षदा खांद्यापर्यंत हात म्हशीच्या पोटात घालून उभी होती, एक पाय उंच दगडावर रोवून. रेडकू आडवं होतं. तिने ते चाचपून चाचपून वळवलं होतं आणि पुढच्या खुरांना दोर बांधला होता. विश्वजितला पाहून तिने दुसऱ्या हाताने दोराचं टोक त्याच्याकडे ढकललं.

“मी सांगेन तेव्हाच ओढायचं,” ती म्हणाली. “आणि खालच्या अंगाला ओढायचं.”

त्याने तसं केलं. तिसऱ्या ओढीला रेडकू बाहेर आलं, ओलं, जड आणि जिवंत. सगुणाबाईने त्याचं तोंड पुसलं. हर्षदा खांद्यापर्यंत हात धुऊ लागली. म्हशीची वार बाहेर पडेपर्यंत तिला थांबायला हवं होतं, पलीकडच्या वाड्यावर दोन जनावरं बघायची होती, ती आज रात्री इथेच राहणार होती.

“मी थांबू?” त्याने विचारलं.

“कशाला?” ती म्हणाली, आणि ते इतकं सहज म्हणाली की त्यात लागण्यासारखं काही नव्हतं. “डबा ठेवून जा. उद्या दुपारी घरी.”

त्याने डबा सगुणाबाईच्या हातात दिला. ऊन कलायला लागलं होतं आणि वाट खालपर्यंत स्वच्छ दिसत होती. हर्षदा त्याला सड्याच्या कडेपर्यंत पोचवायला आली, उतारावर पहिलं वळण कुठे घ्यायचं ते तिने हाताने दाखवलं आणि त्याने वळण घेण्याआधीच ती मागे फिरली. पलीकडच्या वाड्यावर तिची वाट बघत होते.